खुर्ची मोटारीची, चाके रस्त्याची

मोटारीत तान्ह्या बाळाला बांधून नेणारी खुर्ची आणि रस्त्यावरून त्याला फिरवणारी बाबागाडी या दोन वस्तू वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गरजांतून आणि वेगवेगळ्या हातांनी घडल्या. परंतु आज अमेरिकेतील व युरोपातील कोणत्याही मोठ्या दुकानात त्या एकाच खोक्यात विकल्या जातात आणि पुण्या-मुंबईकडेही हा जोडसंच आता दिसू लागला आहे. ‘ट्रॅव्हल सिस्टिम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संचाचे साधारणपणे तीन भाग असतात: मोटारीच्या मागच्या आसनावर बसवून ठेवायचा बेस, त्या बेसवर खटक्याने घट्ट बसणारी आणि वर हँडल असलेली बाळाची खुर्ची, आणि तीच खुर्ची तशाच खटक्याने जिच्या सांगाड्यावर बसते ती बाबागाडी. झोपलेल्या बाळाला न उठवता मोटारीतून बाबागाडीवर आणि तेथून पुन्हा मोटारीत नेता यावे, हा या रचनेचा मुख्य दावा असून महत्प्रयासाने झोपवलेले बाळ पट्टा सोडताक्षणी रडत उठल्याचा अनुभव ज्यांच्या गाठीशी आहे त्यांना त्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. मात्र ज्या सोयीपायी हा संच घेतला जातो तिच्यातच त्याची मोठी जोखीमही आहे, आणि म्हणून खुर्ची मोटारीच्या कसोटीवर व चाके रस्त्याच्या कसोटीवर स्वतंत्रपणे पारखून मगच दोहोंमधल्या खटक्याचा विचार करणे श्रेयस्कर ठरते.

बाबागाडीचा उगम हौसेत आहे. इंग्लंडमधील डेव्हनशायरच्या तिसऱ्या ड्यूकच्या मुलांसाठी विल्यम केंट या वास्तुरचनाकाराने १७३३ मध्ये तयार केलेली शिंपल्याच्या आकाराची गाडी ही या प्रकारातील पहिली मानली जाते, आणि ती एखाद्या लहानशा जनावराने ओढावी अशी योजना असल्यामुळे तिचा बाळाच्या सोयीपेक्षा सरदारी थाटाशीच अधिक संबंध होता. पुढे १८८९ मध्ये विल्यम रिचर्डसन या अमेरिकी गृहस्थाने बाळाचे तोंड ढकलणाऱ्याकडे किंवा रस्त्याकडे वळवता येईल अशा रचनेचे पेटंट घेतले. आजच्या घडीच्या गाडीचे श्रेय मात्र ओवेन मॅक्लारेन या निवृत्त वैमानिकी अभियंत्याकडे जाते. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या घडीवर काम केलेल्या या गृहस्थाने १९६५ मध्ये छत्रीसारखी मिटणारी, तीन किलोंहूनही हलकी बाबागाडी रचली आणि उचलून नेण्याजोगी बाबागाडी ही कल्पनाच त्यामुळे रूढ झाली.

खुर्चीची कथा निराळी आहे. १९३०च्या दशकात अमेरिकेत मोटारीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बाळखुर्च्यांचा सुरक्षिततेशी काहीएक संबंध नव्हता. मुलाला खिडकीबाहेर दिसावे आणि त्याने मोटारभर धुडगूस घालू नये, एवढाच त्यांचा हेतू होता. आघातापासून संरक्षण हा विचार साठच्या दशकात आला, आणि त्यातील निर्णायक पाऊल स्वीडनमधील बर्टिल ऑल्डमन या वैद्यक संशोधकाने टाकले. अमेरिकेच्या जेमिनी मोहिमेतील अंतराळवीर उड्डाणाचा प्रचंड जोर पाठीवर झेलता यावा म्हणून ज्या पद्धतीने आपल्या आसनांत पडून असत, ती पाहून मोटारीतील मुलालाही प्रवासाच्या दिशेकडे पाठ करून बसवावे असे त्यांना सुचले आणि १९६४ मध्ये त्यांच्या पहिल्या नमुन्याची व्होल्वोच्या मोटारीत चाचणी झाली. यामागचे कारण शरीररचनेत आहे. नवजात बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते आणि मानेचे मणके अद्याप कूर्चेने, म्हणजे मऊ अस्थिपूर्व ऊतीने, जोडलेले असतात. त्यामुळे समोरासमोरच्या टकरीत बाळाचे तोंड पुढे असेल तर धड पट्ट्यांनी अडते, पण जड डोके पुढे फेकले जाऊन सारा ताण त्या कोवळ्या मानेवर येतो. तोंड मागे असेल तर तोच जोर डोके, मान व पाठ यांवर एकसारखा पसरतो आणि खुर्चीचे कवच तो झेलते. ताशी ५० किलोमीटर वेगाने मोटार भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे दहा मीटरवरून, अर्थात इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडण्याइतका आघात असतो, हे एकदा ध्यानात घेतले की या उलट्या बसण्याचे नवल वाटत नाही.

कायद्याने ही गोष्ट मान्य करण्यास वेळ लागला. अमेरिकेतील टेनेसी राज्याने रॉबर्ट सँडर्स या बालरोगतज्ज्ञाच्या पाठपुराव्यामुळे १९७८च्या आरंभापासून खुर्ची सक्तीची केली, परंतु त्या कायद्यात बाळ मांडीवर घेतलेले असल्यास चालेल अशी सवलत घुसवण्यात आली आणि ती काढून टाकायला १९८१ उजाडावे लागले. मराठी घरांत आजही आजीची मांडी हीच सर्वांत सुरक्षित जागा समजली जाते, त्यामुळे ही परदेशी सवलत काही परकी वाटू नये. टकरीच्या क्षणी मात्र पाच किलोंचे बाळ दीडशे किलोंच्या आसपासच्या भाराने पुढे ओढले जाऊ शकते, आणि तो भार पेलणारे हात कोणत्याही आजीला, किंबहुना कोणत्याही पहिलवानाला, लाभलेले नाहीत. १९८५ पर्यंत अमेरिकेतील सर्व राज्यांनी असे कायदे केले. त्या देशातील महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या हिशेबाप्रमाणे खुर्चीमुळे मोटारीतील एक वर्षाखालील बाळांचा मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी घटतो. मात्र हा लाभ योग्य रीतीने बसवलेल्या खुर्चीचा आहे, आणि चुकीच्या रीतीने बसवलेल्या खुर्च्यांचे प्रमाण तेच प्रशासन निम्म्याच्या घरात सांगते. म्हणून कोणती खुर्ची महाग वा नामांकित आहे यापेक्षा कोणती खुर्ची विशिष्ट मोटारीत विनासायास घट्ट बसते, हा निवडीचा पहिला प्रश्न असायला हवा.

हा प्रश्न दुकानातल्या फरशीवर सुटत नाही. बेस मोटारीत दोन प्रकारे बसवता येतो: एकतर मोटारीच्या सीटबेल्टने, अथवा आसनाची पाठ आणि बैठक यांच्या सांध्यात लपलेल्या, एकमेकींपासून २८० मिलिमीटर अंतरावरच्या दोन पोलादी दांड्यांना अडकवून. या दांड्यांच्या पद्धतीला जगभर ‘आयसोफिक्स’ म्हणतात. अमेरिकेत सप्टेंबर २००२ पासून नव्या मोटारींना सक्तीची असलेली तिची बहीण ‘लॅच’ या नावाने ओळखली जाते. युरोपीय बेसला बहुधा त्या दांड्यांवर चावणारे ताठ हात असतात, तर अमेरिकी बेसला पुष्कळदा कापडी पट्ट्याच्या टोकांना लावलेले आकडे असतात. बसवून झाल्यावर बेस जेथे बांधला आहे तेथे धरून हलवला असता तो अडीच सेंटिमीटरपेक्षा अधिक सरकू नये, आणि बेसच्या अंगावरील रेषेने वा पाण्याच्या बुडबुड्याने दाखवलेला कलाचा कोन सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या मोटारीत बरोबर यावा, या दोन कसोट्या घरच्या घरी लावता येतात. काही बेसना पुढे जमिनीला टेकणारा आधारपाय असतो, आणि मोटारीच्या तळाशी सामानाचा कप्पा असेल तर त्याच्या पोकळ झाकणावर तो टेकवता येत नाही. लहान हॅचबॅकमध्ये आणखी एक पेच उद्भवतो: मागे तोंड केलेली खुर्ची इतकी जागा घेते की पुढचे आसन पुढे ओढावे लागते आणि उंच माणसाचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. खुर्ची पुढच्या आसनावर ठेवून ही अडचण सोडवण्याचा मोह मात्र जीवघेणा आहे, कारण चालू असलेली एअरबॅग फुगली तर ती खुर्चीच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागेच, आदळते.

परदेशातून येणाऱ्या खुर्च्यांबाबत एक तांत्रिक मुद्दा येथे मुद्दाम नोंदवायला हवा, कारण न्यू जर्सी वा कॅलिफोर्नियातून परतणाऱ्या मराठी कुटुंबांच्या सामानात ही वस्तू हमखास असते. अमेरिकेतील मोटारींचा मागचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून पुन्हा आत सोडला की टकटक आवाज करीत तो टप्प्याटप्प्याने जागीच अडकून राहतो, आणि तेथील अनेक खुर्च्यांची बांधणी या अडकण्याच्या भरवशावर असते. भारतातील मोटारींचे पट्टे सर्वसाधारणपणे केवळ हिसका बसल्यावरच अडकतात, एरवी सैल सुटत राहतात. त्यामुळे अमेरिकी बेस येथे पट्ट्याने बांधला तर त्यावर पट्टा दाबून धरणारी स्वतःची पकड आहे की नाही हे पाहावे लागते, आणि ती नसेल तर तो बेस केवळ आयसोफिक्सच्या दांड्या असलेल्या मोटारीतच वापरावा. याउलट भारतात विकल्या जाणाऱ्या खुर्चीवर एआयएस ०७२ या मानकाचा वा युरोपीय प्रमाणीकरणाचा शिक्का शोधावा. ही भारतीय मानके पुण्यातील एआरएआय, म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, ही संस्था प्रसिद्ध करते. युरोपात आता ‘आर १२९’ अथवा ‘आय-साइझ’ हे नियमन लागू आहे. त्यात खुर्ची वजनाऐवजी बाळाच्या उंचीवरून निवडली जाते, बाजूने होणाऱ्या टकरीची चाचणी सक्तीची आहे आणि पंधरा महिन्यांचे होईपर्यंत बाळाला पुढे तोंड करून बसवता येत नाही. जुन्या ‘आर ४४’ नियमनाच्या खुर्च्यांची विक्री युरोपीय संघात सप्टेंबर २०२४ पासून बंद झाली, त्यामुळे तसा शिक्का असलेला माल सवलतीत मिळाला तर तो का स्वस्त आहे हे उघडच आहे.

ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’ या चाचणी कार्यक्रमात मोटारीला मोठ्यांच्या आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी वेगवेगळे तारे मिळतात. जाहिरातीत पाच तारे ठळकपणे झळकत असले तरी त्यांतले मुलांचे तारे किती हे विचारणारे गिऱ्हाईक विरळाच. शिवाय या चाचणीतील बाहुल्या दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलाच्या मापाच्या असल्यामुळे नवजात बाळाची खुर्ची त्या मोटारीत कशी बसते याचे उत्तर ताऱ्यांतून मिळत नाही. ते प्रत्यक्ष बसवूनच मिळते.

मोटारीनंतर बाळाचे शरीर. मागे तोंड केलेल्या खुर्चीत खांद्याचे पट्टे बाळाच्या खांद्यांच्या पातळीत किंवा किंचित खालून बाहेर यायला हवेत, आणि ताणून बसवलेला पट्टा खांद्यावर चिमटीत धरता येऊ नये. चिमटीत वळी आली तर तो सैल आहे असे समजावे. अडीच-तीन किलोंच्या बाळासाठी सर्वांत खालची खाच पुरेशी खाली आहे का हे पाहणे म्हणूनच महत्त्वाचे असते, कारण ‘जन्मापासून’ असे छापलेल्या सर्वच खुर्च्यांत लहानखुरे बाळ नीट बसतेच असे नाही. मराठी घरांतल्या रिवाजाशी येथे थोडा खटका उडतो. रुग्णालयातून निघताना बाळाला झबले-कुंची घालून दुपट्यात घट्ट गुंडाळण्याची पद्धत आहे, परंतु खुर्चीचा एक पट्टा दोन पायांच्या मधून वर येत असल्यामुळे गुंडाळलेले बाळ तीत बांधताच येत नाही. आणि जाड दुपटे वा लोकरी कोट पट्ट्याखाली राहिला तर टकरीच्या दाबाने तो चेपून पट्टा आपोआप सैल होतो. उपाय सोपा आहे: पातळ कपड्यांत बाळ बांधावे, पट्टे ताणावेत आणि दुपटे वरून पांघरावे. कुंचीच्या मागच्या झालरीची घडी मानेखाली आली तर हनुवटी छातीकडे झुकते, म्हणून प्रवासापुरती ती काढलेली बरी. अमेरिकेत बाळंतपणासाठी गेलेल्या आज्यांना तेथील परिचारिका हे सारे रुग्णालयाच्या दारातच करून दाखवतात. बाळ घरी नेताना खुर्ची आहे की नाही हे तेथे पाहिले जाते, आणि खुर्च्या तपासून देणारे प्रशिक्षित तंत्रज्ञही अनेक गावांत, काही ठिकाणी तर अग्निशमन केंद्रातच, उपलब्ध असतात. भारतात अशी सोय सहजी मिळत नसल्याने माहितीपुस्तिका वाचण्याला पर्याय नाही, आणि ती बहुतेक घरांत खोक्याबरोबरच माळ्यावर जाते.

आता त्या खटक्याकडे वळता येईल. बाळाला न उठवता खुर्ची उचलून बाबागाडीवर बसवता येते याचा परिणाम असा होतो की बाळ मोटारीतून उतरूनही खुर्चीतून उतरत नाही: मॉलमध्ये, उपाहारगृहात, नातलगांच्या दिवाणखान्यात आणि शेवटी घरच्या जमिनीवरही ते त्याच अर्ध्या बसक्या अवस्थेत झोपलेले राहते. तान्ह्या बाळाला स्वतःचे डोके सावरता येत नाही. हनुवटी छातीवर टेकली की मऊ श्वासनलिका दुमडल्यासारखी होऊन श्वास अपुरा पडू शकतो आणि बाळ त्यावर ओरडूही शकत नाही. मोटारीतल्या बेसवर खुर्चीचा कोन ठरलेला असतो, पण सोफ्यावर किंवा पलंगावर ठेवल्यावर तो बिघडतो, आणि ‘बाळाला जरा मोकळे वाटू दे’ म्हणून पट्टे सैल केले तर ते घसरून गळ्याशी अडकू शकतात. अमेरिकेतील २००४ ते २०१४ या काळातील झोपेशी निगडित ११,७७९ बालमृत्यूंचा अभ्यास २०१९ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ३४८ मृत्यू बसण्याच्या साधनांत झालेले होते, त्यांतील सुमारे ६३ टक्के मोटारीच्या खुर्च्यांत, आणि अशा घटनांपैकी खुर्चीचा वापर सूचनांप्रमाणे होत असल्याची उदाहरणे दहा टक्क्यांहूनही कमी होती. एकूण संख्येच्या मानाने हे प्रमाण थोडे आहे आणि त्यावरून खुर्चीला घाबरण्याचे कारण नाही. मोटारीत तिच्याइतकी सुरक्षित दुसरी जागा नाही. धोका खुर्चीत नसून खुर्चीचा पाळणा करण्यात आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स, मुक्कामी पोहोचताच बाळाला सपाट जागी निजवण्यास सांगते, आणि ३७ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळांना घरी सोडण्यापूर्वी खुर्चीत दीड-दोन तास बसवून त्यांचा श्वास व हृदयाचे ठोके तपासण्याची पद्धत तेथील अनेक रुग्णालयांत आहे.

यातून निवडीचा एक निकष आपोआप निघतो. जोडसंचातील बाबागाडीला स्वतःचे असे आसन असावे आणि ते जवळजवळ सपाट होणारे असावे, किंवा त्या सांगाड्यावर बसणारी सपाट टोपली, म्हणजे ‘बॅसिनेट’, मिळत असावी. ज्या स्वस्त संचात केवळ खुर्ची अडकवण्याचा सांगाडा येतो, किंवा ज्यातील आसन सहा महिन्यांनंतरच वापरता येते, त्यात पहिल्या अर्ध्या वर्षाची प्रत्येक फेरी खुर्चीतच घडते. हाच आक्षेप ‘डूना’सारख्या साधनांवरही घेता येतो, ज्यांत खुर्चीच्या पोटातूनच चाके बाहेर येतात. न्यूयॉर्कसारख्या शहरात टॅक्सीने हिंडणाऱ्या किंवा विमानतळावरून थेट टॅक्सीत बसणाऱ्या कुटुंबाला हे यंत्र मोठे सोयीचे वाटते यात शंका नाही, कारण वेगळी बाबागाडी वाहावीच लागत नाही; परंतु बाळाला धरून ते दहा-बारा किलोंचे होते, सामानाला जागा नसते, आणि त्यात बाळ सपाट निजू शकत नाही. दुसरी गाडी म्हणून ते उत्तम, एकमेव गाडी म्हणून अपुरे, असे म्हणावे लागते.

चाकांचा विचार स्थलानुरूप बदलतो. वेगळ्या कंपन्यांची खुर्ची व बाबागाडी जोडण्यासाठी ‘अडॅप्टर’ नावाचे प्लास्टिकचे दोन सांधे मिळतात, त्यामुळे एकाच खोक्याच्या बंधनात राहण्याची गरज नसते. खुर्ची मोटारीला शोभेल ती आणि गाडी रस्त्याला शोभेल ती घ्यावी आणि मगच दोहोंसाठी अडॅप्टर आहे का ते पाहावे. अमेरिकी उपनगरातील गुळगुळीत पदपथासाठी बनवलेली लहान, कडक चाके पुण्यातल्या उखडलेल्या पेव्हर ब्लॉकांवर, गटाराच्या झाकणांवर आणि मध्येच संपणाऱ्या फुटपाथवर बाळाची हाडे खिळखिळी करतात. मोठी, स्प्रिंगवाली चाके हे सोसतात, पण त्यांची गाडी घडी करूनही अवजड राहते. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांना दहा किलोंची गाडी आणि चार किलोंची खुर्ची बाळासह रोज वर न्यायची आहे. आणि महाराष्ट्रातील शहरांत आणखी एक गोष्ट तपासावी लागते जिचा उल्लेख कोणत्याही परदेशी पुस्तिकेत सापडणार नाही: सीएनजीवर चालणाऱ्या मोटारीची डिकी टाकीने व्यापलेली असते, त्यामुळे घडी केलेल्या गाडीची लांबी-रुंदी टेपने मोजूनच दुकानात जावे. घडीचा सांधा बोटांत चिमटणार नाही असा झाकलेला असावा. २००९ मध्ये मॅक्लारेन कंपनीने अमेरिकेत सुमारे दहा लाख बाबागाड्यांसाठी सांध्यांची आवरणे पुरवली होती, कारण घडी उघडताना मुलांच्या बोटांची टोके तुटल्याच्या बारा घटना तेथे नोंदल्या गेल्या होत्या.

भारतातील कायदा या बाबतीत दिसतो तितका मोघम नाही. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यातील कलम १९४ ब नुसार चौदा वर्षांखालील मुलाला सीटबेल्ट वा बालसुरक्षा आसनाविना मोटारीतून नेल्यास एक हजार रुपये दंड आहे, आणि फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांना दुचाकीवर नेताना सुरक्षापट्टा, शिरस्त्राण आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा लागू झाली आहे. रिक्षात मात्र खुर्ची बांधायला पट्टाच नसतो. ज्या कुटुंबाचे येणे-जाणे मुख्यतः रिक्षाने आणि बसने होते त्याने जोडसंचावर पैसे घालण्याऐवजी अंगाशी बांधण्याची झोळी आणि सपाट होणारी साधी बाबागाडी घ्यावी. केवळ परदेशस्थ भावाने सुचवले म्हणून बेस विकत घेऊन तो कपाटावर ठेवण्यात अर्थ नाही. ज्यांच्याकडे मोटार आहे त्यांच्या बाबतीत खरी परीक्षा बहुधा तिसऱ्या महिन्यात येते, कारण माहेरी बाळंतपण करण्याच्या रिवाजामुळे कोल्हापूर वा नाशिकहून पुण्या-मुंबईला परतण्याचा कित्येक तासांचा प्रवास हाच पुष्कळ बाळांचा पहिला मोठा मोटारप्रवास असतो. त्यासाठी दर दोन तासांनी, अगदी लहान बाळ असेल तर त्याहूनही लवकर, थांबून बाळाला खुर्चीतून काढून सपाट निजवण्याची तयारी ठेवावी लागते, आणि खुर्ची मामाच्या मोटारीत बसते की बापाच्या, हे निघण्याच्या सकाळी नव्हे तर आधीच ठरलेले असावे लागते.

किमतीचा हिशेब करताना हेही पाहावे लागते की संचाचे दोन भाग सारख्या वेगाने निकामी होत नाहीत. बाळाचे डोके कवचाच्या वरच्या कडेपासून अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी अंतरावर आले की ती खुर्ची संपली, मग वजनाची मर्यादा कितीही शिल्लक असो. बऱ्याच बाळांच्या बाबतीत हे पहिल्या वाढदिवसाच्या आगेमागे घडते, तर बाबागाडी तिचे स्वतःचे आसन लावून तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत चालते. म्हणून पैसा चाकांवर थोडा अधिक गेला तरी वसूल होतो. पाळणा, दुपटी आणि झबली एका घरातून दुसऱ्या घरात जावीत, किंबहुना नव्या बाळाच्या अंगावर आधी जुनेच घालावे, अशी आपली रीत असली तरी खुर्चीला ती लावता येत नाही. प्लास्टिक उन्हाने ठिसूळ होते, पट्टे जीर्ण होतात, मोठ्या अपघातातून गेलेल्या कवचाला डोळ्यांना न दिसणारे तडे असू शकतात, आणि म्हणून बहुतेक उत्पादक कवचाच्या तळाशी वापराची अंतिम तारीख कोरतात, जी साधारणतः सहा ते दहा वर्षांची असते. सख्ख्या बहिणीची, विनाअपघात, मुदतीतली खुर्ची खुशाल घ्यावी. इतिहास ठाऊक नसलेली जुनी खुर्ची फुकट मिळाली तरी नाकारावी. मुदत संपलेली खुर्ची टाकून देताना तिचे पट्टे कात्रीने कापून मगच भंगारवाल्याला द्यावी, एरवी ती पुन्हा कोणाच्या तरी मोटारीत बांधली जाण्याचा संभव असतो.